वस्तुपाठ, फेरी आणि कुरणशाळा : बालवर्गाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रकरण

बालशिक्षणाचा इतिहास लिहावयास बसलेले अभ्यासक बहुधा साधनांचा इतिहास लिहून थांबतात. त्यात नवल नाही. फ्रोबेलचे लोकरी चेंडू व लाकडी ठोकळे, माँटेसोरीबाईंचा गुलाबी मनोरा व खरखरीत कागदाची अक्षरे ही सारी हाती धरता येतात, त्यांची चित्रे छापता येतात, त्यांच्या किमतीच्या याद्या जपून ठेवता येतात. इमारतींचेही तसेच. परंतु बालवर्गातील मुले एखाद्या सकाळी शिक्षिकेचा हात धरून ओढ्याकाठी गेली, त्यांनी चार शंख वेचले, एका गाढवाकडे बराच वेळ पाहिले आणि ती परत आली, याची नोंद कोण ठेवणार? फेरीचा पुरावा संध्याकाळपर्यंत मुलांच्या खिशातून गळून जातो. इतिहास ज्या गोष्टींची कागदपत्रे उरतात त्यांच्याकडे झुकतो. म्हणून वर्गाच्या चार भिंतींत जे घडले ते बालशिक्षण आणि भिंतीबाहेर जे घडले ती करमणूक, अशी विभागणी आपण नकळत मान्य करून बसलो आहोत.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र. शिक्षणाचा इतिहास हा त्याचा प्रांत नव्हे. परंतु शब्दांचा माग काढता काढता मनुष्य कधीकधी दुसऱ्याच्या शेतात शिरतो, तसे येथे झाले आहे. ‘वस्तुपाठ’, ‘बालवाडी’, ‘अंगणवाडी’ आणि ‘कुरणशाळा’ या चार शब्दांचा विचार करीत असता असे दिसून आले की, वर्गाने बाहेर पडावे की बाहेरचे जग वर्गात आणावे हा बालशिक्षणातील जुना वाद या शब्दांतच साठून राहिला आहे. त्या वादाचा सर्वांत कसोटीचा प्रसंग रोम किंवा बर्लिन येथे नव्हे, तर त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याच्या (आता पालघर जिल्ह्याच्या) उत्तर टोकाला घडला, असे माझे मत बनले आहे.

आरंभ मात्र स्कॉटलंडपासून करावा लागतो. रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने न्यू लॅनार्क येथे १८१६ च्या १ जानेवारीस जी संस्था उघडली, तिच्यात गिरणी-कामगारांच्या अगदी लहान मुलांचाही वर्ग होता. त्यासाठी त्याने जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर नेमला. ओवेनच्या स्वतःच्याच सांगण्याप्रमाणे या गृहस्थाला लिहितावाचता जेमतेमच येत असे. पण मुलांवर त्याची माया होती आणि त्याचा धीर सुटत नसे. ओवेनने मुलांना पुस्तकांचा जाच नको असे बजावले होते. बागेतून, शेतातून, रानातून आणलेल्या वस्तू समोर ठेवाव्यात आणि मुलाचे कुतूहल जागे होऊन त्याने विचारले म्हणजे गप्पांच्या ओघात सांगावे, अशी पद्धत होती. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. वस्तू आहेत, पण प्रश्न मुलाचा आहे. शिक्षक उत्तर देणारा आहे.

पुढील पंधरा वर्षांत नेमके हेच उलटे झाले. बुकॅनन लंडनला गेला. त्याच्या मागोमाग सॅम्युएल विल्डरस्पिन याने शिशुशाळांचा प्रसार केला. विल्डरस्पिनने क्रीडांगणाला महत्त्व दिले हे खरे. परंतु पायऱ्यापायऱ्यांची बैठकही त्यानेच रूढ केली. तिच्यावर शंभर-शंभर मुले ओळीने बसवून त्यांच्याकडून एकसुरात उत्तरे वदवून घेता येत. आणि १८३० साली एलिझाबेथ मेयो या बाईंचे वस्तूंवरील धड्यांचे पुस्तक निघाले. बाई पेस्तालोझीच्या अनुयायी होत्या, हेतू निर्मळ होता. पहिला धडा काचेवर आहे. काचेचा तुकडा मुलांच्या हाती द्यावयाचा आणि तो कसा आहे हे विचारावयाचे. पारदर्शक, ठिसूळ, कठीण ही विशेषणे क्रमाने बाहेर काढावयाची. वस्तू तीच राहिली; मात्र प्रश्न आता शिक्षकाकडे गेला आणि मुलाकडे उत्तर आले. तेही शिक्षकाला आधीच ठाऊक असलेले. वस्तूंच्या पेट्या विकत मिळू लागल्यावर तर बाहेर जाण्याचे कारणच उरले नाही.

या पद्धतीची जी थट्टा डिकन्सने ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत १८५४ मध्ये केली ती सुप्रसिद्ध आहे. सर्कशीत घोड्यांवर कसरत करणाऱ्यांच्या संगतीत वाढलेल्या सिसी ज्यूप या मुलीला शाळेत घोड्याची व्याख्या विचारली जाते आणि तिला ती देता येत नाही. वर्गातील बिट्झर नावाचा मुलगा घोड्याच्या दातांची संख्या व प्रकार धडाधड सांगतो. घोडा कोणाला ठाऊक आहे, हे वाचकाला सांगावे लागत नाही. सिसीची आठवण ठेवावी. डहाणूच्या कुरणात ती पुन्हा भेटणार आहे.

इंग्रजीतील त्या संज्ञेचे मराठी रूप ‘वस्तुपाठ’. अध्यापन-पद्धतीचे पारिभाषिक नाव म्हणून तो शब्द आपल्या शिक्षकवर्गात वावरला, आणि मग त्याचे जे झाले ते अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकाला मोठे रंजक वाटेल. आज कोणी ‘अमक्याचे जीवन म्हणजे त्यागाचा वस्तुपाठच होय’ असे म्हणतो तेव्हा त्यात ना वस्तू असते ना पाठ. असतो तो अनुकरणीय आदर्श. इंग्रजीतही त्या शब्दाने असेच वळण घेतले आहे. मला यात केवळ योगायोग दिसत नाही. जो पाठ मुळात मुलाने स्वतः पाहून शोधावयाचा होता, तो दुसऱ्याने समोर धरलेला आणि आपण मान डोलवावयाचा नमुना होऊन बसला, याची कबुली भाषेने दिली आहे.

फ्रोबेलविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे त्याने आपली शाळा काढली आणि १८४० मध्ये तिला मुलांची बाग या अर्थाचे ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. ही बाग केवळ उपमेतील नव्हती. प्रत्येक मुलाचा लहानसा वाफा आणि सर्वांचे सामाईक वाफे अशी खरीखुरी बाग त्याला अभिप्रेत होती. प्रशियन सरकारने १८५१ मध्ये या शाळांवर बंदी घातली, ती १८६० मध्ये उठली. जगभर मात्र बागेआधी ठोकळे पोहोचले. कारण ठोकळे पेटीत मावतात.

माँटेसोरीबाईंच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलले पाहिजे. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी उघडलेल्या बालगृहाच्या अनुभवावर त्यांनी १९०९ साली जो ग्रंथ लिहिला, त्यात वनस्पती व प्राणी यांच्या संगोपनावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९३९ च्या अखेरीस त्या मद्रासला आल्या, युद्धामुळे येथेच अडकल्या आणि कोडाईकनालच्या डोंगरावरील मुक्कामात मुलांना घेऊन त्यांनी निसर्गाच्या अभ्यासाचे पुष्कळ काम केले. तेव्हा ‘माँटेसोरी म्हणजे साधनांचे कपाट’ हे समीकरण त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. परंतु बाहेर जाण्याची जी स्वतंत्र कल्पना त्यांनी मांडली ती मुख्यतः सहा वर्षांवरील मुलांसाठी. तीन ते सहा या वयासाठी सिद्ध केलेले, आखीवरेखीव असे आतले वातावरण, हा त्यांच्या पद्धतीचा कणा राहिला. शहरातील दाट वस्तीच्या मुलासाठी ते योग्यच होते. रोमच्या चाळीतील मुलाला आत काही नव्हते; त्याला आत काही देणे हीच क्रांती होती.

आता आपल्याकडे वळू. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक (१८९२–१९७३) तेथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई १९३९ मध्ये वारले; त्यापूर्वीच, १९३६ च्या सुमारास, ताराबाई मुंबईस येऊन दादरला शिशुविहार चालवू लागल्या होत्या. हा सारा वृत्तान्त अन्यत्र पुष्कळ ठिकाणी आला आहे. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, १९४५ पर्यंत ताराबाईंच्या गाठी वीस-बावीस वर्षांचा अनुभव होता आणि तो जवळजवळ सर्वस्वी शहरी, पांढरपेशा घरांतील मुलांचा होता. डिसेंबर १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी बोरिवलीच्या कस्तुरबा निधीच्या शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्याबरोबर गेल्या. अनुताई बालविधवा, शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या. पुढची सत्तेचाळीस वर्षे त्या तेथेच राहिल्या.

बोर्डीत पहिला पेच पडला तो साधनांचा नव्हे. साधनांचा पेच सोडविणे तुलनेने सोपे होते. शिंपले, खडे, बिया, पाने, माती, बांबू ही सामग्री समुद्रकाठच्या गावात फुकट मिळते, आणि मोजणे, जुळविणे, लावणे यांसाठी ती विलायती लाकडाइतकीच कामाची असते. पेच होता मुले न येण्याचा. गावातील मुख्य बालवाडीत दलित वस्तीतील व आदिवासी पाड्यांतील मुले येत ना. त्यावर ताराबाईंनी काढलेला तोड दिसावयास अगदी साधा आहे : मुले येत नाहीत तर आपण जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, कोणाच्या तरी अंगणात मुले जमवू लागल्या. हीच अंगणवाडी.

या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. ‘वाडी’ हा संस्कृत ‘वाटी’, ‘वाटिका’ यांच्यापासून आलेला. मोल्सवर्थच्या कोशात त्याचे कुंपण घातलेली बागायत आणि शेतकऱ्यांच्या घरांची लहान वस्ती असे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. गुजरातीत त्यातील बागेचा अर्थ ठसठशीत आहे. भावनगरात घडलेल्या कार्यकर्त्यांच्या कानाला ‘बालवाडी’ हे ‘किंडरगार्टन’चे सरळ रूपांतर वाटले असावे, मराठी, विशेषतः कोकणपट्टीच्या, कानाला त्यात बागेच्या जोडीने वस्तीही ऐकू येते. मुलांची बाग आणि मुलांची वाडी, म्हणजे मुलांचे लहानसे गाव, हे दोन्ही. ‘अंगणवाडी’ या समासात बाग मागे पडते आणि वस्ती पुढे येते. अंगण ही घराची बाहेरची बाजू, पण घराच्याच मालकीची. तेथे शिक्षिका पाहुणी असते. चपला कोठे काढाव्यात, कोठे बसावे, हे तिला विचारावे लागते.

फ्रोबेलपासून माँटेसोरीपर्यंत फेरी म्हणजे वर्गातून बाहेर जाऊन परत वर्गात येणे. येथे वर्गच फेरीला निघाला आणि परतावयाचे ठिकाण उरले नाही. हा फरक केवळ व्यवस्थेचा नव्हे. मात्र त्याचे पूर्ण रूप दिसले ते कुरणशाळेत.

केंद्र पुढे १९५७ च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली पाडे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची एकत्र गुंफण असलेली ‘विकासवाडी’ तेथे आकारास आली. परंतु पाच-सहा वर्षांचे झाले की मूल गुरांमागे जाई. घरी रडणारे धाकटे भावंड असले तर त्याआधीच ते अडकून पडे. रात्रशाळा काढून पाहिली. दिवसभर उन्हात फिरलेली मुले रात्री कितीशी जागणार? तेव्हा गुरे जेथे चरतात तेथेच शाळा न्यावी असे ठरले. शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत, मुले शिकत. दगड मोजणे, पानांचे आकार लावणे, गोष्ट, गाणे, जमिनीवर काडीने अक्षर. हीच कुरणशाळा.

हे चित्र फार गोड वाटू लागले की सावध झाले पाहिजे, आणि येथेही शब्दच सावध करतो. ‘कुरण’ म्हणजे मोकळे गवताळ रान नव्हे. कुरण म्हणजे गवतासाठी राखलेले रान. राखलेले म्हटले की राखणारा आला. डहाणू-उंबरगाव या मुलखात गवत हे सावकार-जमीनदारांचे मोठे उत्पन्न होते आणि ते कापणारे हात वारल्यांचे होते. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद भरली, वेठीविरुद्ध लढा उभा राहिला, आणि त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात हा इतिहास लिहिला आहे. म्हणजे बोर्डीचे केंद्र उघडले ते त्या गोळीबारानंतर दोनच महिन्यांनी, त्याच पट्ट्यात.

बालशिक्षणाचे इतिहासकार या दोन घटना एका पानावर आणीत नाहीत. शेतकरी-चळवळीचे इतिहासकारही आणीत नाहीत. एका बाजूला ताराबाईंचे चरित्र, दुसऱ्या बाजूला वारल्यांचा उठाव. मधे कोरे पान. दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांचा पिंड व मार्ग निराळे होते हे मान्य केले, तरी गुराखी पोर दोन्हीकडे तेच होते. ज्याच्या बापाची लढाई गवताच्या मजुरीची होती, त्याचीच शाळा पुढे गवतात भरली. मुलाला शाळेपासून दूर ठेवणारे कारण ‘आदिवासींना शिक्षणाची आवड नाही’ हे नसून, त्याच्या श्रमाला घरात व घराबाहेर किंमत होती हे होय. कुरणशाळेने निदान हे कारण ओळखले. श्रम थांबविण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. तिने त्या श्रमाशी तडजोड केली, आणि अशा तडजोडीचे दोन्ही अर्थ लावता येतात. मुलाचे काम तसेच राहू देऊन शाळा त्याच्यापर्यंत नेणे ही करुणा आहे की कबुली? एका परिसंवादात एका विद्यार्थिनीने मला हा प्रश्न विचारला होता, आणि त्या वेळी मी दिलेले उत्तर मला स्वतःलाच पटले नव्हते.

भाषेच्या दृष्टीने मात्र कुरणात जे घडणे शक्य झाले ते वर्गात शक्य नव्हते, याविषयी मला शंका नाही. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वारलीची गणना मराठीखाली केली आहे. तिचे गुजराती व भिल्ली बोलींशी असलेले नातेही अभ्यासकांना परिचित आहे. १९६० च्या १ मे रोजी दोन राज्यांची सीमा याच मुलखातून गेली आणि वारली बोलणारे दोन्ही बाजूंस राहिले. बालवर्गात येणारे वारली मूल प्रमाण मराठीत मुके असते. शिक्षिका चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारते; मुलाला ती वस्तू ठाऊक असते, तिचे नावही ठाऊक असते, पण शाळेला हवे असलेले नाव ठाऊक नसते. ते गप्प राहते. शेरा पडतो : मूल मंद आहे. हीच ती सिसी ज्यूप.

कुरणात परिस्थिती उलटते. कोणते गवत गुरांना चालते, कोणत्या झाडाचा चीक डोळ्यांत जाऊ द्यावयाचा नाही, कोणता पक्षी ओरडला की काय समजावयाचे, हे मुलाला ठाऊक आणि पुण्याहून किंवा मुंबईहून आलेल्या शिक्षिकेला नाही. आता ‘हे काय?’ हा प्रश्न खरा प्रश्न होतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसते. भाषाशास्त्रात आपण उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न आणि माहितीसाठी विचारलेला प्रश्न यांत भेद करतो. रूप एकच असते, संवादातील व्यवहार निराळा असतो. पहिल्यात विचारणारा परीक्षक असतो; दुसऱ्यात तो गरजू असतो. मुलांना हा भेद फार लवकर कळतो. बार्बरा टिझार्ड व मार्टिन ह्यूज यांनी इंग्लंडमधील चार वर्षांच्या आसपासच्या तीस मुलींचे घरचे व शिशुशाळेतील बोलणे नोंदवून १९८४ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्याच मुली घरी प्रश्नांमागून प्रश्न विचारीत आणि शाळेत मात्र बहुतांशी शिक्षिकेच्या प्रश्नांना तुटक उत्तरे देत, असे दाखविले आहे. चांगल्या, मायाळू शिशुशाळांतही हेच आढळले.

या संबंधात एक स्वानुभव सांगण्याचा मोह आवरत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका बालवर्गाबरोबर मी कुंभारवाड्यात गेलो होतो. चार-पाच वर्षांच्या मुलांचे शब्दसंपादन हा माझा अभ्यासविषय. फेरीतून कोणते शब्द मुलांच्या तोंडी यावेत याची यादी मी आदल्या रात्री तयार केली होती. चाक, आवा, थापटणे, गाडगे, मडके, रांजण अशी ती यादी होती. मुलांनी माझ्या यादीकडे संपूर्ण दुर्लक्ष केले. निम्मी मुले दाराशी बांधलेल्या गाढवाभोवती उभी राहिली. बाई त्यांना चाकाकडे बोलावीत होत्या आणि मुले गाढवाचे कान मोजीत होती. चाकाजवळ गेलेल्यांपैकी एक मुलगी बराच वेळ काही न बोलता पाहत होती. कुंभाराचा हात मडक्याच्या गळ्यातून आत गेला तेव्हा तिने विचारले, ‘काका, हात आत अडकला तर?’ त्याने हात न थांबविता सांगितले, ‘मग मडकं मोडायचं, बाळ. हात नाही.’ यावर ती म्हणाली, ‘आणि मडकं वाळलं असलं तर?’

पुढच्या आठवड्यात त्याच वर्गात मातीचे छोटे मडके टेबलावर ठेवून पाठ झाला. प्रश्न होता, ‘हे काय आहे?’ उत्तर होते, ‘मडकं.’ त्याच मुलीने, इतरांबरोबर, एका सुरात दिलेले. उत्तर अचूक होते. परंतु ‘अमुक झाले असले तर?’ ही रचना, जी मराठी मुलाच्या वाक्यरचनेच्या वाढीत एक मोठा टप्पा मानावी लागेल, तिची गरज त्या टेबलापाशी कोणाला पडलीच नाही. एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडू नये हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो, आणि तो नियम मलाही लागू आहे. तरी ती यादी मी अजून वहीत जपून ठेवली आहे.

कोसबाडच्या कार्याची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे, नाहीतर हा लेख चरित्रस्तोत्र होईल. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे यांपासून तेथील दिवस सुरू होई. खरूज-नायट्यांनी गांजलेल्या मुलांसाठी हे आवश्यक होते. पण ‘स्वच्छ’ आणि ‘शुद्ध’ या दोन शब्दांची जवळीक आपल्या समाजात निरुपद्रवी नाही. जो हात नखे कापतो तोच उच्चार सुधारू लागतो. त्या काळच्या बहुतेक सुधारकांप्रमाणे येथेही अखेरचे गंतव्य प्रमाण मराठी हेच होते. वारली ही पुलासारखी, ओलांडून जावयाची. मुलाच्या बोलीपासून प्रारंभ करावा, ही जाणीव त्यांना होती व तिचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. ती बोली शाळेत टिकावी अशी मागणी मात्र त्या काळात फारशी कोणी करीत नव्हते. आज ती होते, आणि तिची पहिली बीजे कुरणातील त्या उलट्या प्रश्नोत्तरांत पाहता येतात असे मला वाटते. परंतु हे माझे वाचन आहे, ताराबाईंचे वचन नव्हे.

‘अंगणवाडी’ हा शब्द मात्र त्याच्या निर्मात्यांच्या कल्पनेपलीकडे गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांत प्रायोगिक रीतीने सुरू केली, आणि तिच्या केंद्राला हेच नाव मिळाले. एका समुद्रकाठच्या गावातील शब्द साऱ्या भारतीय भाषांत पसरला. आधुनिक काळात मराठीने इतर भाषांना दिलेल्या शब्दांची यादी काही फार लांब नाही. त्या यादीत हा अग्रभागी ठेवावा लागेल. मलयाळीत त्याला ‘अंकणवाडि’ असे संस्कृताभिमुख रूपही मिळाले, आणि तेथे फुलबागेला ‘पूवाडि’ म्हणतात, त्यामुळे शब्द परका वाटत नाही. बंगालीत गंमत झाली आहे. आपल्या ‘वाडी’चा सख्खा भाऊ ‘बाडी’ बंगालीत घर या अर्थी रोज वापरला जातो. तरी हा शब्द मात्र ‘अंगनओयाड़ि’ असा परका वेष घालून लिहिला जातो. भावाने भावाला ओळखले नाही.

अर्थाचे काय झाले? पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी ही कामे अंगणवाडीकडे आली आणि ती मोलाची आहेत. ज्यांनी गेल्या अर्धशतकात ती अल्प मानधनावर केली त्या स्त्रियांविषयी हलकेपणाने बोलण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु शब्दातील अंगण गेले. अंगणवाडी म्हणजे आता एक खोली असते, बहुधा एकच. रकाने भरावयाच्या वह्या, वजनाचा काटा, शिधा आणि मुले त्या खोलीत असतात. ‘अंगणवाडीला अंगण नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा ती ऐकणाऱ्यालाही त्यातील विरोध जाणवत नाही, इतका समास आता गोठला आहे. वर्ग मुलाच्या दारी जाई, तो पुन्हा स्थिर झाला. मूल पुन्हा वर्गाच्या दारी जाऊ लागले. ‘कुरणशाळा’ हा शब्द तर कोसबाडच्या परिसराबाहेर रुजलाच नाही. त्याला योजना मिळाली नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पहिलीपूर्वीच्या वर्गासाठी ‘बालवाटिका’ हे नाव पुढे आणले आहे. या नावावर मतप्रदर्शन करण्यापेक्षा त्याची व्युत्पत्ती पाहावी. ‘वाटिका’ची प्राकृतातून घडत आलेली मराठी संतती ‘वाडी’. म्हणजे ‘बालवाटिका’ हे ‘बालवाडी’चेच तत्सम रूप, नातवाच्या जागी आजोबांना आणून बसविले आहे. फरक एवढाच की, ‘वाटिका’ या संस्कृत शब्दात बाग आहे, वस्ती नाही. मराठीत शब्द घडता घडता त्यात जी चार घरे, जे अंगण आणि जी माणसे शिरली होती, ती या रूपात ऐकू येत नाहीत.

कोसबाड-बोर्डीच्या कामाविषयी आमच्या विभागातील ज्या विद्यार्थ्यांना पुढे काम करावयाचे असेल, त्यांनी माझ्या मते छापील साहित्यापासून नव्हे तर त्या पाड्यांवरील साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांपासून प्रारंभ करावा. कुरणशाळेत काय शिकविले ते शिक्षकांनी लिहून ठेवले आहे. त्या मुलांनी शिक्षकांना काय शिकविले, कोणत्या गवताचे कोणते नाव सांगितले आणि बाईंनी ते कसे चुकीचे उच्चारले, हे अजून कोणी विचारलेले नाही. आणि ज्यांना ते आठवते आहे त्यांच्यापाशी फार वर्षे उरलेली नाहीत.